दिसणारं अंडं

अध्यक्षमहाराज, तुम्ही एका पावाचे डोळे काढायला लावलेत. पाच होते. पाचही काढायला लावलेत, तेही फोनवरून, आणि वर म्हणालात, "वहिनी, राग मानू नका हं." राग मानू नका म्हणणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की आपण रागावण्यासारखंच काम करून बसलोय. तेव्हा राग मानलेला आहे आणि तो इथे सविस्तर लिहिलेला आहे. तुमचं नाव लिहिलेलं नाही, ती मेहरबानी समजा. वेलिंग्टनच्या आसपास, अप्पर हटपासून पोरिरुआपर्यंतच्या मराठी माणसांना ते न लिहिताही कळेल.

आता पाव कुठून आला ते ऐका.

इरावतीच्या, म्हणजे तुमच्या त्या वहिनींच्या, घराला डाव्या हाताला लाकडी कुंपण आहे आणि कुंपणापलीकडे अस्सुंताबाई राहतात. वय ऐंशीच्या पुढे, उंची कुंपणापेक्षा कमी. त्यामुळे आधी आवाज येतो, मग कुंपणावरून हात येतात, आणि बाई दिसल्या तर सगळ्यात शेवटी. एप्रिल लागला की त्या हातांतून फीजोआच्या पिशव्या येतात. फीजोआ म्हणजे पेरूचा चुलतभाऊ, हिरवागार, आकाराने थेट कोंबडीच्या अंड्याएवढा. ज्याच्या दारी झाड असेल तो शहाणा माणूस हे फळ खात बसत नाही, शेजाऱ्याच्या अंगावर ढकलतो. इरावतीने फीजोआचं पन्हं केलं, चटणी केली, एकदा तर शिकरण केलं. पिशव्या काही थांबल्या नाहीत.

यंदा मात्र पिशवी एकाच हातातून आली. दुसरा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"अहो, काय झालं?" इरावती.

"फीजोआवरून घसरले," अस्सुंताबाई म्हणाल्या. त्यांचं इंग्रजी इटालियन चालीवर म्हटलेलं असतं, पण कळतं. "हाताचं काही नाही गं. ईस्टर आला. कुद्दुरा कोण मळणार?"

कुद्दुरा म्हणजे अस्सुंताबाईंच्या बेटावरचा ईस्टरचा गोड पाव. सिसिलीजवळ कुठेतरी ते बेट आहे. पिठाची वेणी घालायची, तिचं गोल कडं करायचं आणि त्यात रंगवलेली अख्खी अंडी कवचासकट खोचून भाजायचं. अंडी विषम हवीत. अकरा, एकवीस, एकावन्न असा आहेर करणाऱ्या बाईला हे समजवावं लागलं नाही. प्रत्येक अंडं कोणाच्या तरी नावाचं असतं आणि ज्या बाईने पीठ मळलं तिनेच ते ज्याच्या त्याच्या हातात द्यायचं.

"साठेक वर्षं मीच मळतेय," अस्सुंताबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या. "म्हणजे मीच वाटतेय. वाटणारीला कोण देणार? सगळे आपापलं घेऊन बसतात आणि मी माझं अंडं सिंकपाशी उभ्याने खाते. यंदा तू मळ. आणि माझं मला दे. चारचौघांत दे. एकदा बघायचंय मला, कसं वाटतं ते."

इरावतीने जन्मात पाव भाजला नव्हता. ती वेलिंग्टनला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढते, आणि लोक तिला त्याचा पगार देतात. पण कुंपणावरून येणाऱ्या त्या एका हाताकडे बघून ती पटकन बोलून गेली, "चारचौघं कशाला, शंभर जणांत देते. शनिवारी आमचं हळदीकुंकू आहे हॉलमध्ये. तिथे या."

इथेच ती चुकली. इरावती अंडं खाते आणि घरात उघड्यावर खाते, त्यामुळे आपण कुठे काय कबूल केलं हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

आपल्या मंडळाचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू यंदा ईस्टरच्या शनिवारी होतं, कारण हॉल तेव्हाच मोकळा होता. त्यालाच जोडून मंडळाचा दहावा वाढदिवस. कार्यक्रमाचं नाव तुम्ही ठेवलंत 'वसंतोत्सव'. बाहेर दक्षिण गोलार्धातली पानगळ, आत हीटर, आणि भिंतीवर कागदाचे आंबे. त्याबद्दल कोणी काही बोललं नाही, कारण आंबे दिसायला छान होते.

शुक्रवारी अस्सुंताबाई इरावतीच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या आणि प्लास्टरचा हात दंडुक्यासारखा धरून हुकूम सोडू लागल्या. मैदा, दूध, लोणी, साखर, यीस्ट, लिंबाची साल. पिठात चार अंडी फोडून. मग बडीशेप हवी म्हणाल्या. गुड फ्रायडे, दुकानं बंद. घरात होती ती जेवणानंतर चघळायची, साखरेचं कवच असलेली, लाल-हिरवी-पिवळी.

"रंगीत?" अस्सुंताबाईंनी चिमूटभर तोंडात टाकली. "आमच्या बेटावर कोणाला सुचलं नाही हे. टाक."

इरावतीने पीठ मळलं ते पोळ्यांच्या सवयीने, घट्ट. अस्सुंताबाईंनी प्लास्टरने गोळ्याला ढोसलं. टणक आवाज आला, तो प्लास्टरचा की पिठाचा ते कळलं नाही.

"असल्या पिठाने आम्ही चर्च बांधलं," त्या म्हणाल्या. "दूध घाल."

दूध घातलं, लोणी घातलं, हात कोपरापर्यंत बरबटले, आणि शेवटी पुरणपोळीच्या कणकेसारखं लुसलुशीत पीठ झालं तेव्हा बाई गप्प बसल्या. गप्प बसणं म्हणजे त्यांची शाबासकी. घर थंडगार, त्यामुळे पातेलं गेलं गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, धैर्यशीलच्या बनियनांच्या वरच्या फळीवर. धैर्यशील म्हणजे इरावतीचा नवरा, इंजिनिअर, मंडळाचा सहकार्यवाह. दुपारी तो कपाटाशी उभा राहून ओरडला, "इरा! माझा बनियन फुगलाय!"

पीठ उतू जाऊन खाली उतरलं होतं. बनियन सोलून काढला.

वेणी घालायची वेळ आली तेव्हा इरावतीला काही शिकवावं लागलं नाही. तीन पेड लांब वळले आणि तिचे हात आपोआप चालू झाले. रोज सकाळी शाळेच्या घाईत हेच तर करते. ओवी, म्हणजे तिची मुलगी, जिला मराठी सगळं कळतं आणि उत्तर मात्र इंग्रजीतच सुचतं, ओट्याला टेकून बघत होती.

"नॉट फेअर," ती म्हणाली. "यू नेव्हर पुल द ब्रेड्स हेअर."

"ब्रेड हलत नाही तुझ्यासारखा."

कांद्याच्या सालींच्या पाण्यात घालून अंडी तांबूस-लाल झाली होती. ती वेणीत बसवली आणि प्रत्येकावर पिठाच्या दोन पट्ट्या आडव्या-तिडव्या टाकल्या.

"आई, द एग्ज आर वेअरिंग सीटबेल्ट्स."

अस्सुंताबाईंनी बोट ठेवून नावं घेतली. हे इरावतीचं, हे धैर्यशीलचं, हे ओवीचं, हे माझं.

"आणि पाचवं?"

"जो अजून आपला झालेला नाही त्याचं. तो कोण ते आत्ता ठरवायचं नाही. पण त्याने ते खाल्लंच पाहिजे. नाही खाल्लं तर पुढच्या वर्षी मळणारीचं पीठ फुगत नाही."

"असं कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

पाव ओव्हनमधून निघाला तेव्हा घरभर असा वास सुटला की धैर्यशील बनियन विसरला. त्याने चार बाजूंनी फोटो काढले आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, 'उद्या आमच्याकडून!!!'

आणि तुमचा फोन आला. इरावतीचे हात अजून पिठाचे, म्हणून तिने स्पीकर लावला.

"वहिनी, फोटो बघितला. सुंदर! फक्त ते लाल लाल काय आहे?"

"अंडी."

"म्हणजे अंड्याच्या आकाराचं काहीतरी..."

"कोंबडीची."

पलीकडे तुम्ही घसा साफ केलात. "अहो, पण समोर गौर असणार."

"केकही तिथेच कापणार ना? वाढदिवसाचा?"

"केकचं वेगळं."

"केकात अंडं नसतं?"

"असतं की! पण ते केकात असतं. दिसत नाही. हे कसं, आपल्याकडे बघतंय."

"तुम्ही बघू नका त्याच्याकडे."

"वहिनी, चेष्टेचा विषय नाही. ज्येष्ठ मंडळी असतात. माझं वैयक्तिक काही नाही, मी स्वतः केक खातो. दिसायला नको, एवढंच. राग मानू नका हं."

माणसाचं सोवळं जिभेवर असतं, पोटात असतं, मनात असतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते डोळ्यांत असतं हे तुम्ही शोधून काढलंत. चष्म्याच्या दुकानात तुमचा फोटो लावायला हवा. जे खरंच खात नाहीत त्यांच्याबद्दल इथे एक अक्षर नाही. त्या सुरुचीकाकू बघा. दहा वर्षांत त्यांनी मंडळाच्या एकाही केकला हात लावलेला नाही, आणि दुसऱ्याच्या ताटात कधी डोकावूनही पाहिलेलं नाही. त्यांनी फोन केला असता तर इरावतीने मुकाट्याने ऐकलं असतं. पण तुम्ही गेल्या वर्षी चॉकलेट केकचा कोपऱ्यातला, जास्त क्रीमवाला तुकडा मागून घेतला होतात. इरावतीने पाहिलंय. चुका बघणं हाच तिचा धंदा आहे.

फोन ठेवल्यावर ती नवऱ्याकडे वळली. "तू काहीच का नाही बोललास?"

"अगं, मी कमिटीत आहे."

"तुझं नाव धैर्यशील कोणी ठेवलं रे?"

"आजोबांनी."

"तुला बघून?"

"नाही, आधीच ठरवून ठेवलं होतं."

"वाटलंच."

तो म्हणाला, वाद नको, पाव नेऊ, अंडी काढून नेऊ. ती म्हणाली, अस्सुंताबाई येणार आहेत, त्यांचं अंडं मला त्यांच्या हातात द्यायचंय, मी शब्द दिलाय. तो म्हणाला, घरी दे. ती म्हणाली, घरी तर त्या गेली साठ वर्षं खातायत, सिंकपाशी. यावर तो बराच वेळ बोलला, सिंकचा विषय तेवढा सोडून.

शेवटी इरावतीने अंडी काढली. हो, काढली. मिटवून टाकू, कोण डोकं लावतं, असं म्हणून काढली, आणि याचा तिला तुमच्याइतकाच स्वतःचाही राग आला. पट्ट्या अलगद उचलून एकेक अंडं सोडवलं. पावाला पाच खड्डे पडले. तो पाव आता आंधळा दिसत होता, आणि नजर नसूनही तिच्याकडेच बघत होता.

ओवी बाहेरून पिशवी घेऊन आली. "दे आर द सेम साइज," ती म्हणाली आणि तिने एका खड्ड्यात फीजोआ बसवला. बसला. सीटबेल्टसुद्धा लागला. पाचही खड्ड्यांत पाच हिरवे फीजोआ बसले आणि पावाला मोतीबिंदू झाल्यासारखं दिसू लागलं. अंडी इरावतीने धैर्यशीलच्या स्वच्छ धुतलेल्या लोकरी मोज्यांत गुंडाळून पर्समध्ये टाकली. का टाकली ते तिने कोणाला सांगितलं नाही. स्वतःलाही नाही.

शनिवारी हॉलच्या दारातच तुम्ही उभे होतात, नेहरू जॅकेट घालून. पावाभोवती एक चक्कर मारलीत. वाकून बघितलंत. फीजोआला बोट लावून खात्री केलीत.

"वा वहिनी! याला म्हणतात फ्यूजन. आता कसं शुद्ध!"

आणि टेबलावर मांडल्या मांडल्या पहिला तुकडा तुम्ही घेतलात. मग दुसरा. दुसऱ्या तुकड्याच्या वेळी तुम्ही शेजारच्याला सांगितलंत, "आपल्या बायकांनी मनावर घेतलं तर इटलीला शाकाहार शिकवतील."

तेवढ्यात ओवीचा हात धरून अस्सुंताबाई आल्या. ठेवणीतला निळा कार्डिगन, मोत्यांची माळ, प्लास्टरवर ओवीने स्केचपेनने काढलेली फुलं. त्या थेट टेबलाशी गेल्या. पावाकडे बघत उभ्या राहिल्या.

"ही कसली अंडी?" त्या म्हणाल्या.

इरावतीने घरून उत्तर तयार करून आणलं होतं. ते चांगलं गुळगुळीत, कोणालाच न लागणारं उत्तर होतं. ते तिला आठवेना.

"काढायला लावली," ती म्हणाली.

"कोणी?"

इरावतीने बोट केलं. लपवून नाही, सरळ हात लांब करून. अस्सुंताबाईंनी तुमच्याकडे नखशिखान्त पाहिलं.

"पोट बिघडलंय का त्याचं?"

"नाही. डोळे."

अस्सुंताबाई हसल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि "असू दे गं," म्हणाल्या. "माझी मी घरी खाईन. सवय आहे."

ते 'सवय आहे' ऐकलं आणि इरावतीचं मिटवून टाकणं संपलं. तिने हळदीकुंकवाची ताटली उचलली. अस्सुंताबाईंच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. बाईंचा नवरा आहे की नाही हे कोणी विचारलं नाही. तेवढं मंडळ सुधारलंय, त्याचं श्रेय घ्या. मग ती म्हणाली, "कार्डिगनचं टोक धरा असं, झोळीसारखं. ओटी भरायचीय."

"हे कशाला?"

"मानाचं असतं."

अस्सुंताबाईंनी एका हाताने आणि एका प्लास्टरने कार्डिगन पसरला. इरावतीने भिजवलेले हरभरे घातले, केळं ठेवलं. मग पर्समधून लोकरी मोजा काढला. आसपासच्या बायका थबकल्या, कारण ओटीत मोजा घालायची पद्धत कोणाच्याच सासरी नव्हती. मोज्यातून लाल अंडं निघालं. ते तिने ओटीत टाकलं नाही. अस्सुंताबाईंच्या चांगल्या हातात ठेवलं आणि दोन्ही हातांनी त्यांची मूठ मिटली.

"हे तुमचं," ती म्हणाली. "मी मळलंय. मी देतेय."

"वहिनी!" तुमचा आवाज आला, तोंडात पाव असल्यामुळे जरा ओला. "अहो, ठरलं होतं ना आपलं!"

"काय म्हणतोय तो?" अस्सुंताबाईंनी विचारलं.

"विचारतोय, अंडं कशाला."

"कशाला म्हणजे?" बाई चकित झाल्या. मग शाळेतल्या मुलाला समजावतात तसं तुमच्याकडे बघून स्पष्ट, सावकाश इंग्रजीत म्हणाल्या, "बाळा, अंड्याशिवाय पाव असा होतो का? पिठात चार आहेत. वर चकाकी आली ती बलकाची. तू दोन तुकडे खाल्लेस ना? मग अर्धं अंडं तर तुझ्या पोटात गेलंसुद्धा. अजून घे."

तुमचं चघळणं थांबलं. गाल फुगलेला. तुम्ही डावीकडे पाहिलंत, उजवीकडे पाहिलंत, कोणी ऐकलं, कोणी नाही याचा अंदाज घेतलात. सगळ्यांनी ऐकलं होतं. सुरुचीकाकू तर शेजारीच केळं सोलत बसल्या होत्या.

"गिळा आता," काकू म्हणाल्या. "आत गेलं की दिसणार नाही."

तुम्ही गिळलंत. आणि म्हणालात, "थँक यू, आँटी. व्हेरी सॉफ्ट."

अस्सुंताबाईंचं तुमच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी अंडं स्वतःच्या प्लास्टरवर आपटलं. टक्. हरभऱ्यांवर सालं पडली. शेजारच्या द्रोणात कैरीऐवजी हिरवं सफरचंद घालून केलेली आंब्याची डाळ होती. ती अंड्याला लावून त्या सगळ्यांच्या देखत, खुर्चीवर बसून, सावकाश खात राहिल्या.

"कसं वाटलं?" इरावतीने विचारलं.

"जरा जास्त शिजलंय," अस्सुंताबाई म्हणाल्या. इरावतीचं मनगट त्यांनी धरून ठेवलं होतं, ते बराच वेळ सोडलं नाही.

धैर्यशील कुठूनसा आला आणि मोठ्याने म्हणाला, "माझं कुठंय?" त्याला त्याचं मिळालं. ते त्याने कमिटीच्या समोर सोललं. आजोबांना उशिरा का होईना न्याय मिळाला.

ओवीचं ओवीला, स्वतःचं स्वतःला देऊन झालं. पाचवं उरलं. इरावती ते घेऊन तुमच्याकडे आली. "हे तुमचं."

"माझं? माझं कसं?"

"जो अजून आपला झालेला नाही त्याचं असतं."

समोर अस्सुंताबाई बघत होत्या, सुरुचीकाकू बघत होत्या, गौरसुद्धा बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीही नाराजी नव्हती. ऐंशी पार केलेल्या बाईच्या देखत नाही म्हणायची तुमची छाती झाली नाही. तुम्ही अंडं घेतलंत आणि नेहरू जॅकेटच्या खिशात टाकलंत. खिशात गेल्यावर ते दिसेनासं झालं, आणि दिसेनासं झाल्याबरोबर तुमच्या चेहऱ्यावर काय शांती पसरली! मग तुम्ही जाऊन केक कापलात. कोपऱ्यातला तुकडा घेतलात.

पुढच्या आठवड्यात ग्रुपवर तुमची सूचना आली. 'यापुढे मंडळाच्या कार्यक्रमात दृश्य अंडी आणू नयेत.' दृश्य अंडी! मराठी भाषा तुमची ऋणी राहील. इरावतीने त्याखाली अंगठा टाकला, कारण तिला तेव्हा भांडायला वेळ नव्हता. तिला दुसरीच काळजी लागली आहे.

कुंपणावरून रोज फीजोआची पिशवी येते आणि पाठोपाठ आवाज येतो, "त्याने खाल्लं का?" इरावती म्हणते, माहीत नाही. अस्सुंताबाई म्हणतात, विचार मग, पीठ तुझं आहे. पुढच्या ईस्टरला त्यांचा हात बरा झालेला असेल, तरी मळणार इरावतीच, असं दोघींचं ठरलंय. बाईंना अंडं हातात घ्यायची चटक लागली आहे. म्हणून पीठ फुगायला हवं. म्हणून तुम्ही ते खाल्लेलं असायला हवं. इरावतीने तुम्हाला दोनदा फोन केला, तुम्ही मीटिंगमध्ये होतात. धैर्यशीलने मेसेज केला, दोन निळ्या खुणा आल्या आणि पुढे काही नाही.

तेव्हा अध्यक्षमहाराज, आता सगळ्यांसमोर विचारणं आलं. माफी नको, सूचना मागे घ्यायला नको, वसंतोत्सवाचं नाव बदलायलाही नको. जॅकेट कपाटात तसंच टांगलं असेल तर आतापर्यंत ते अंडं दिसत नसलं तरी घरभर समजलं असेल. आणि खाल्लं असेल, पडदे ओढून, दार लावून, डोळे मिटून खाल्लं असेल, तरी आमची काही तक्रार नाही. फक्त एक शब्द पाहिजे.

खाल्लंत की नाही?